बियाण्यातील गुण आणि गुणसूत्रांची ठेवण : चिलटाने शिकविलेला धडा

चांगल्या बियाण्यावाचून चांगले पीक नाही, ही गोष्ट आता खेडोपाडी सर्वमान्य झाली आहे. बियाणे घेताना शेतकरी वाणाची चौकशी करतो, उगवणशक्ती पाहतो आणि पिशवीवरील खूणचिठ्ठी तपासून घेतो. तथापि, बियाण्यात एखादा गुण आहे म्हणजे तो पिकात दिसलाच पाहिजे, असेही तो मनात धरून चालतो. प्रत्यक्षात तसे नेहमीच घडत नाही. एकाच पिशवीतील बी दोन शेतांत पेरले असता पिकाचे वागणे भिन्न असू शकते. उन्हाचा तडाखा एका पिकाला सोसतो, दुसऱ्याला सोसत नाही. कोबीचे झाड थंड प्रदेशात फुलावर येते, पण सपाटीवर गड्डा धरून राहते. गुण बियाण्यात असूनही तो कधी प्रकट होतो आणि कधी सुप्त राहतो, याचे कारण काय?

या प्रश्नाचा उलगडा प्रथम कोणत्याही पिकावर झालेला नाही. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या एका क्षुद्र चिलटाने तो करून दिला. त्या संशोधनाची हकिगत शेतकऱ्यांना व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना उपयुक्त वाटेल, अशी आहे.

चिलटाची ओळख

या चिलटाला शास्त्रज्ञ ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर म्हणतात. आंबा व पेरू यांची नासाडी करणारी फळमाशी ही नव्हे. ती फळमाशी आकाराने मोठी असून निरोगी फळाच्या सालीत अंडी घालते. नर फळमाश्या पकडण्यासाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे लावतात, ते तिच्यासाठी. चिलट मात्र अति पिकलेल्या वा आंबलेल्या फळावरच वाढते. त्याचे डोळे लाल असतात. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानात अंडे, अळी, कोष आणि माशी या चारही अवस्था अवघ्या दहा दिवसांच्या सुमारास पूर्ण होतात. काचेच्या बरणीत केळ्याचा तुकडा ठेवून तोंडाला फडके बांधले की त्याची पैदास होते. त्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या असतात. या सोयींमुळे आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी त्याची निवड झाली.

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये या चिलटांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला. त्याच्या संततीचा अभ्यास करून त्यांनी डोळ्यांच्या रंगाचे जनुक एका विशिष्ट गुणसूत्रावर, म्हणजे एक्स गुणसूत्रावर, असते असे दाखविले. त्यांचे विद्यार्थी स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये जनुकांचा पहिला नकाशा तयार केला. माळेत मणी ओवावेत त्याप्रमाणे जनुके गुणसूत्रावर एका ओळीत असतात, ही कल्पना त्यातून रूढ झाली. मणी कोठेही ओवला तरी त्याचा रंग तोच राहील, असे त्या काळी बहुतेकांना वाटे.

लाल डोळ्यातील पांढरे ठिपके

ही समजूत फार काळ टिकली नाही. टेक्सास विद्यापीठातील हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांमुळे जनुकांत बदल घडतात, असे १९२७ मध्ये सिद्ध केले होते. क्ष-किरणांनी गुणसूत्रे तुटतात आणि तुटलेले तुकडे कधी उलटसुलट जोडले जातात. अशा चिलटांत मुलर यांना १९३० च्या सुमारास काही विलक्षण नमुने मिळाले. त्यांचे डोळे पूर्ण लालही नव्हते आणि पूर्ण पांढरेही नव्हते. लाल डोळ्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके व चट्टे होते.

तपासाअंती असे दिसून आले की, लाल रंगाला आवश्यक असलेले जनुक या चिलटांत शाबूत होते, परंतु त्याची जागा बदलली होती. गुणसूत्राचा एक भाग उलटा जोडला गेल्याने हे जनुक त्याच्या नेहमीच्या जागेवरून निघून गुणसूत्राच्या गच्च भागाशेजारी येऊन बसले होते. गुणसूत्राचे काही भाग नेहमी गच्च गुंडाळलेले राहतात आणि काही सैल राहतात, हा भेद जर्मन शास्त्रज्ञ एमिल हाइट्झ यांनी शेवाळवर्गीय वनस्पतींत १९२८ मध्ये दाखविला होता. चिलटाच्या गुणसूत्रांचा जवळजवळ एकतृतीयांश भाग असा गच्च असतो.

डोळा सातशे ते आठशे बारीक घटकांचा बनलेला असतो. ज्या पेशींत शेजारच्या भागाची गच्च घडी या जनुकापर्यंत पसरली, तेथे जनुक झाकले गेले आणि डोळ्याचा तेवढा भाग पांढरा राहिला. ज्या पेशींत ती पसरली नाही, तेथे लाल रंग आला. एकदा झाकले गेलेले जनुक त्या पेशीपासून निघालेल्या पुढील पेशींतही बहुधा झाकलेलेच राहते, म्हणून ठिपक्यांऐवजी चट्टे दिसतात. अशी चिलटे थंड जागेत वाढविली तर पांढरा भाग वाढतो, उबदार जागेत वाढविली तर लाल भाग वाढतो, असेही पुढे आढळून आले.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. पुन्हा क्ष-किरण देऊन तेच जनुक गच्च भागापासून दूर नेले असता डोळे पूर्ववत लाल होतात. म्हणजे जनुक बिघडलेले नव्हते, ते केवळ गप्प बसविले गेले होते. याच्या उलट, मुळातच गच्च भागात राहणारी काही जनुके सैल भागाशेजारी नेली की त्यांचे काम बिघडते. प्रत्येक जनुकाला आपापली जागा मानवते, असा याचा अर्थ होय.

धाग्याची घडी कशी असते?

गुणसूत्राचा गाभा म्हणजे डीएनए नावाचा अतिशय लांब व बारीक धागा होय. हा धागा पेशीत मोकळा पसरलेला नसतो. सूत रिळावर गुंडाळावे तसा तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनांचे एक रीळ होते आणि त्यावर धाग्याचे जवळजवळ दोन वेढे बसतात. ही रचना १९७४ मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी मांडली. रिळे एकमेकांपासून सुटी असली की जनुक वाचणारी प्रथिने धाग्यापर्यंत पोहोचतात. रिळे दाटीने रचली गेली की त्यांना वाट मिळत नाही. बासनात बांधलेली पोथी कपाटात असून वाचता येत नाही, तशीच त्या जनुकाची स्थिती होते.

रिळे सुटी राहावीत की दाट व्हावीत, हे हिस्टोनांवर लागणाऱ्या बारीक रासायनिक खुणांवर अवलंबून असते. ॲसिटिल गटाची खूण लागली म्हणजे घडी सैल होते. मिथिल गटाची खूण ठरावीक ठिकाणी लागली म्हणजे एचपी-१ नावाचे प्रथिन तेथे येऊन चिकटते आणि घडी घट्ट करते. हे प्रथिन १९८६ मध्ये चिलटातच प्रथम सापडले. एका रिळावरून दुसऱ्या रिळावर ही खूण पसरत जाते. मुलर यांच्या चिलटांच्या डोळ्यांवरील पांढऱ्या चट्ट्यांचे कारण हेच होते.

नर चिलटातही याचा प्रत्यय येतो. मादीत एक्स गुणसूत्रे दोन असतात आणि नरात एकच असते. तरीही दोघांत त्यावरील जनुकांचे काम सारखे होते. भारतीय संशोधक मुखर्जी व जर्मनीतील बीरमान यांनी १९६५ मध्ये असे दाखविले की, नराचे एकटे एक्स गुणसूत्र मादीच्या दोन गुणसूत्रांइतके काम करते. सूक्ष्मदर्शकाखाली ते इतरांपेक्षा सैल व फिकट दिसते. त्यावरील हिस्टोनांना ॲसिटिलची एक विशिष्ट खूण मोठ्या प्रमाणात लागलेली असते, असे १९९२ मध्ये आढळले. एका बैलाने जोडीचे काम ओढावे, तसाच हा प्रकार होय.

डोळ्यांनी दिसणारे काम

जनुक काम करीत असताना गुणसूत्रात होणारा बदल प्रत्यक्ष पाहता येतो, हे चिलटाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्याच्या अळीच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रे प्रचंड मोठी असतात. धाग्याच्या प्रती पुन्हा पुन्हा तयार होतात, पण पेशीचे विभाजन होत नाही. त्यामुळे हजाराच्या आसपास धागे एकमेकांना लागून राहतात आणि त्यांचा दोरखंडासारखा जाड पट्टा बनतो. अशी गुणसूत्रे बाल्बियानी यांनी दुसऱ्या एका कीटकात १८८१ मध्येच पाहिली होती, परंतु त्यांचे खरे महत्त्व १९३३ मध्ये ध्यानात आले. त्यांवर आडवे काळे पट्टे असतात. ब्रिजेस यांनी १९३५ मध्ये या पट्ट्यांचा नकाशा काढला आणि चारही गुणसूत्रांचे मिळून १०२ विभाग पाडले. गावनकाशावर गट क्रमांक असावेत, तशी ही सोय आजही वापरात आहे.

अळीच्या वाढीबरोबर या पट्ट्यांपैकी काही ठिकाणी फुगवटे येतात व ओसरतात. बीरमान यांनी १९५२ मध्ये असे दाखविले की, निरनिराळ्या अवयवांत फुगवटे निरनिराळ्या जागी येतात. गुणसूत्रे सर्व अवयवांत तीच, पण उघडलेले भाग वेगळे. फुगवटा म्हणजे सैल होऊन पसरलेला धागा होय, आणि तेथे जनुकाचे काम जोरात चाललेले असते. चिलटाची अळी कोषात जाण्यापूर्वी लाळग्रंथीत डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. त्याच्या साहाय्याने कोष जागेवर चिकटून राहतो. हा पदार्थ तयार करणाऱ्या जनुकांच्या जागी त्या वेळी फुगवटे दिसतात आणि गरज संपताच ते ओसरतात.

या बदलांची सूत्रे एका संप्रेरकाकडे असतात. बुटेनांट व कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये रेशीमकिड्याच्या सुमारे ५०० किलो कोषांतून या संप्रेरकाचे अवघे २५ मिलिग्रॅम स्फटिक मिळविले. त्यास एक्डायसोन असे नाव आहे. क्लेव्हर व कार्लसन यांनी १९६० मध्ये ते कीटकाच्या अळीत टोचले, तेव्हा कात टाकण्याच्या वेळी येणारे फुगवटे वेळेआधीच दिसू लागले. चिलटात काही फुगवटे मिनिटांत येतात आणि त्यांच्या कामामुळे काही तासांनी दुसरे फुगवटे येतात, असे केंब्रिजच्या मायकेल ॲशबर्नर यांनी पुढे दाखविले.

शेतीशी याचा संबंध सरळ आहे. टेब्युफेनोझाइड व मेथॉक्सिफेनोझाइड ही अळीनाशके एक्डायसोनची नक्कल करतात. ती पोटात गेलेली अळी अवेळी कात टाकू लागते, खाणे बंद करते आणि मरते. म्हणून अशा औषधाने अळी फवारणीच्या दिवशीच गळून पडली नाही, तर औषध वाया गेले असे समजू नये. अळी लहान असताना फवारणी करणे मात्र आवश्यक असते. कोणत्या पिकावर किती प्रमाण वापरावे, हे डब्यावरील सूचनेनुसारच ठरवावे.

उष्णतेचा तडाखा

इटलीतील नेपल्स येथे फेरुच्चो रितोसा हे चिलटाच्या फुगवट्यांचा अभ्यास करीत असता, अळ्या ठेवलेल्या पेटीचे तापमान कोणीतरी चुकून वाढविले. रितोसा यांना गुणसूत्रांवर पूर्वी न पाहिलेले नवे फुगवटे दिसले. त्यांनी हा शोध १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे चिलटांना २५ अंशांवरून ३७ अंशांत नेऊन याचा पद्धतशीर अभ्यास झाला. उष्णता लागताच काही मिनिटांत ठरावीक जागी, उदाहरणार्थ तिसऱ्या गुणसूत्राच्या ८७ क्रमांकाच्या विभागात, मोठे फुगवटे येतात आणि पूर्वीचे बहुतेक फुगवटे ओसरतात. या जनुकांपासून तयार होणारी उष्णता-प्रतिकारक प्रथिने १९७४ मध्ये ओळखली गेली. उष्णतेने इतर प्रथिने वाकडीतिकडी होतात. त्यांना ही प्रथिने सावरून धरतात. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील सुभाषचंद्र लखोटिया यांनी ९३ क्रमांकाच्या विभागातील अशाच एका फुगवट्याचा अनेक दशके अभ्यास केला आहे.

ही जनुके इतक्या त्वरेने कशी जागी होतात? त्यांच्या आरंभाजवळची घडी मुळातच सैल ठेवलेली असते आणि जनुक वाचणारे विकर तेथे आधीच येऊन थांबलेले असते. बैल जुंपून गाडी दाराशी उभी असावी, तशी ही तयारी असते.

वनस्पतींतही अशीच प्रथिने आहेत. अमेरिकेत १९८० च्या दशकात सोयाबीनच्या रोपांवर प्रयोग झाले. जी रोपे आधी काही वेळ ४० अंशांच्या सोसवेल अशा उष्णतेत ठेवली होती, ती नंतर ४५ अंशांच्या मारक उष्णतेतून वाचली. ज्यांना अशी पूर्वतयारी मिळाली नाही, ती मेली. उष्णता सोसण्याचे जनुक दोन्ही रोपांत होते, परंतु त्याला जागे होण्यास अवधी मिळणे आवश्यक होते. भाजीपाल्याची रोपे पुनर्लागणीपूर्वी काही दिवस पाणी कमी करून व सावली हळूहळू काढून कणखर करण्याची पद्धत आहे. सावलीतील रोप एकदम कडक उन्हात नेऊ नये, यासाठीच ती अवलंबितात. तथापि या तयारीलाही मर्यादा आहे. उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा भरण्याच्या काळात उष्णता वाढली की दाणा बारीक राहतो. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरण्याची शिफारस याच कारणाने केली जाते.

थंडीची आठवण आणि एक महागडी चूक

चिलटाच्या नराच्या पुढील पायांवर कंगव्यासारखे केस असतात. १९४७ मध्ये एक असा नमुना आढळला की, ज्यात हे कंगवे मागील पायांवरही आले होते. त्यावरून त्या जनुकास पॉलिकोंब, म्हणजे पुष्कळ कंगव्यांचे, असे नाव पडले. जी जनुके एखाद्या अवयवात नकोत ती बंद ठेवणे, हे या जनुकाचे काम आहे. ते बिघडले की बंद राहावयाची जनुके नको तेथे जागी होतात.

मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस नावाच्या लहानशा वनस्पतीत याच जातीची प्रथिने आढळली आहेत. तिच्यात फुलोऱ्यास अटकाव करणारे एक जनुक असते. काही आठवडे थंडी लागली की ही प्रथिने त्या जनुकावर बंदची खूण करतात, घडी घट्ट होते आणि थंडी सरल्यावरही ती तशीच राहते. मग झाड फुलते. कोबीही याच कुळातील आहे. त्याला फुलण्यासाठी थंडी लागते आणि म्हणूनच त्याचे बीजोत्पादन हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यासारख्या थंड भागात केले जाते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. झाडाने जपलेली थंडीची ही आठवण त्याच्या बियाण्यात उतरत नाही. बी तयार होत असताना ती खूण पुसली जाते आणि पुढील पिकास पुन्हा नव्याने थंडी द्यावी लागते. हे न ओळखल्याने सोव्हिएत रशियाची मोठी हानी झाली. ओले बी थंडीत ठेवून पेरण्याची पद्धत ट्रोफिम लिसेंको यांनी १९२९ पासून गाजविली. अशा उपचाराने वाणाचा आनुवंशिक गुणच बदलतो, असा त्यांचा दावा होता. चिलटांचे संशोधन हा निरर्थक उद्योग आहे, असे म्हणून त्याची हेटाळणी झाली. थोर पीकशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी या दाव्यास विरोध केला. त्यांच्या निमंत्रणावरून मुलर १९३३ मध्ये रशियात गेले होते. त्यांनी १९३६ मध्ये लिसेंको यांच्याशी जाहीर वाद केला आणि पुढच्या वर्षी त्यांना तो देश सोडावा लागला. वाविलोव्ह यांना १९४० मध्ये अटक झाली आणि १९४३ मध्ये सारातोव्ह येथील तुरुंगात त्यांचे निधन झाले. आनुवंशशास्त्राचे शिक्षण १९४८ मध्ये तेथे बंद पाडण्यात आले. ते पुन्हा सुरू होण्यास सुमारे सोळा वर्षे लागली. थंडीमुळे पिकाचे वागणे बदलते हे खरे होते, परंतु त्यामुळे बियाणे बदलते हे खरे नव्हते.

शेतकऱ्यांनी व कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. वाणाचा गुण दिसला नाही म्हणून बियाण्यास तत्काळ दोष देऊ नये. पेरणीची तारीख, त्या काळातील तापमान व पाणी यांची नोंद प्रथम पाहावी. तरीही शंका राहिल्यास खूणचिठ्ठी, पिशवी, पावती व थोडे शिल्लक बी जपून ठेवून तक्रार करावी.

२. अमुक भुकटी वा द्रव लावल्याने वाणाचा गुण कायमचा सुधारतो, असे सांगणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावे. बीजप्रक्रियेने बुरशी व कीड यांपासून संरक्षण मिळते आणि उगवण चांगली होते. तिचा लाभ त्या पिकापुरता असतो. म्हणून ती दर हंगामात करावी.

३. नवा गुण कायम हवा असेल तर निवड व संकर यांनी तयार केलेला सुधारित वाणच घ्यावा आणि त्याचा गुण प्रकट होण्यास योग्य वेळ व योग्य हवामान द्यावे.

४. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेत वा शेतकरी मेळाव्यात काचेच्या बरणीत चिलटांची पैदास करून दाखवावी. अंडे, अळी, कोष व माशी या अवस्था दहा-बारा दिवसांत सर्वांना पाहता येतात. कीड कोणत्या अवस्थेत असताना उपाय करावा, हे त्यावरून सांगणे सोपे जाते. हे चिलट आंब्यावरील फळमाशी नव्हे, हेही त्याच वेळी समजावून द्यावे.